प्लेबॉय क्लबची साखळी नक्की कशामुळं बुडाली?

खानापूर_रोड

नमस्कार मंडळी. बेळगावात एक थीम नाइटक्लब काढायचं चाललंय. आधी बेळगाव, जमलं तर हुबळी, मग कोल्हापूर. तिन्हीकडं नाव एकच, सजावट एकच, स्टाफचा पोशाख आणि मेनूवरचे दरही एकच. अभ्यासाला म्हणून या प्रकारातली सगळ्यात गाजलेली साखळी घेतली, प्लेबॉय क्लब. 1960 मध्ये सुरू, 1988 मध्ये मूळ साखळीतला अमेरिकेतला शेवटचा बंद. कुणालाही विचारलं की "जमाना बदलला, फॅशन गेली" एवढंच ऐकायला मिळतं. फॅशन जायला एवढी वर्षं लागत असतील तर कुणीही आनंदानं पैसे घालेल की!

पैसा नक्की कुठून यायचा? कुठला खांब आधी पडला? आणि थीमवर गर्दी किती दिवस टिकते? परवाना, आवाज, आग याबद्दल इथल्या माहितगारांनी सांगितलं तर फार बरं होईल. आत्ता दोन जागा नजरेत आहेत. एक हायवेकडची पत्र्याची शेड आणि दुसरी टिळकवाडीतल्या इमारतीची गच्ची.

जमाखर्च

फॅशनचं कारण खोटं नाही, पण ते शेवटचं आहे. त्या क्लबाच्या पाटीखाली तीन वेगळे धंदे चालायचे.

पहिला धंदा किल्लीचा. 29 फेब्रुवारी 1960 ला शिकागोत वॉल्टन स्ट्रीटवर पहिला क्लब उघडला. मालक प्लेबॉय मासिकाचे ह्यू हेफनर, सोबत व्हिक्टर लाउन्स आणि हॉटेल धंद्यात मुरलेले अर्नोल्ड मॉर्टन. आत जायला सशाचं चिन्ह असलेली किल्ली लागायची आणि ती विकत घ्यावी लागायची. 1961 च्या शेवटच्या तीन महिन्यांत एकट्या शिकागोच्या क्लबात 1,32,000 हून जास्त माणसं येऊन गेली. पण धंद्याच्या दृष्टीनं बघायचा आकडा दुसराच आहे. किल्ली घेतलेल्यांपैकी जेमतेम 21 टक्के लोकांनी कधी क्लबात पाऊल टाकलं. उरलेल्या 79 टक्क्यांनी फी भरली, पण त्यांच्यासाठी ना बर्फ लागला, ना वेटर, ना खुर्ची. ही फी पुढं वर्षाला 25 डॉलर होती. किल्ली खिशात असावी अशी हौस तयार करायचं काम मासिक करायचं, त्यामुळं जाहिरातीचा खर्चही जवळजवळ शून्य. नोव्हेंबर 1972 च्या अंकाच्या 70 लाखांवर प्रती खपल्या, तो कळस. तिथून मासिकाचा खप उतरत गेला तशी किल्लीची हौसही उतरली.

दुसरा धंदा खरोखरच्या नाइटक्लबचा. सुरुवातीला पेग असो की जेवणाचं ताट, दर एकच, दीड डॉलर. दीड डॉलरात ताट परवडत नाही, हे मॉर्टनना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! ताटाचा तोटा पुढचे दोन पेग भरून काढतात, बिल चटकन होतं आणि गिऱ्हाईक मेनू चाळत बसत नाही. पण हे गणित एका ताटामागं किती पेग जातात यावर उभं असतं. लोक जेवून उठायला लागले की तेच गणित उलटं फिरतं. एकाच इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर वेगवेगळ्या खोल्या, प्रत्येकीत वेगळा कार्यक्रम. कलाकार एका शहरातून दुसऱ्या शहरातल्या क्लबात फिरवले जायचे. साखळीचा खरा फायदा हाच, नव्या गावात जुनाच कार्यक्रम नवा होऊन जातो.

फ्रँचायझी देणार असाल तर न्यू ऑर्लिन्स आणि मायामीचं प्रकरण वाचून ठेवा. किल्ली सगळ्या क्लबांत चालणार असा शब्द दिलेला, पण तिथले चालक कृष्णवर्णीय किल्लीधारकांना आत घेईनात. शेवटी हेफनरना त्या दोन्ही फ्रँचायझी परत विकत घ्याव्या लागल्या. सभासदत्व साखळीचं आणि दरवाजा चालकाचा, अशी वाटणी केली की हे होतंच.

तिसरा धंदा जुगाराचा, आणि कंपनी खरी जगली ती याच्यावर. लंडनमध्ये पार्क लेनवर 1966 मध्ये क्लब आणि कॅसिनो उघडला. 1980 च्या आसपास कंपनीच्या नफ्याचा मोठा भाग लंडनच्या टेबलांवरून यायचा. अमेरिकेतले क्लब आणि विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हासारखी मोठी रिसॉर्टं त्या पैशावर तरंगत होती. ब्रिटनच्या 1968 च्या कायद्यात जुगाराला उधारी चालत नाही. चेक घेतला तर दोन बँक दिवसांत तो भरावा लागतो. 1981 मध्ये चेकच्या व्यवहारांसकट अनेक आक्षेप निघाले, परवान्याचं नूतनीकरण नाकारलं गेलं आणि लंडनचे कॅसिनो विकावे लागले. त्याच वर्षी अटलांटिक सिटीत नवा कॅसिनो उघडलेला. 1982 मध्ये न्यू जर्सीच्या आयोगानं हेफनरना कायम परवाना दिला नाही. तिथं आडवं आलं ते 1960 च्या दशकातलं प्रकरण, न्यूयॉर्कच्या क्लबाला दारूचा परवाना मिळावा म्हणून मोजलेले पैसे. म्हणजे टेबलाखालून दिलेला पैसा वीस वर्षांनी उगवला.

दोन परवाने गेले आणि पाच वर्षांच्या आत, जून 1986 अखेर, शिकागो, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसचे कंपनीचे क्लब बंद झाले. फ्रँचायझीतला मिशिगनच्या लॅन्सिंगचा क्लब जुलै 1988 पर्यंत रेटला. म्हणून खांब कुठला पडला या प्रश्नाला माझं उत्तर एकच, परवाना. थीम तर 1970 पासूनच शिळी व्हायला लागली होती, कॅसिनोच्या पैशानं ते झाकलं गेलं.

मार्केटयार्ड

जमाखर्च यांचं बरंचसं पटलं, पण थीमला एवढं सहज सोडू नका. साखळीतल्या थीमची गोची अशी की पहिली जागा कुतूहलावर चालते आणि आठव्या जागेपर्यंत कुतूहल संपलेलं असतं. सिनेमाच्या थीमवरच्या प्लॅनेट हॉलिवूड या रेस्टॉरंट साखळीचं बघा. पहिली शाखा ऑक्टोबर 1991 मध्ये न्यूयॉर्कात. 1996 मध्ये शेअर बाजारात धूमधडाक्यात उतरले, जगभर शाखा काढत सुटले आणि ऑक्टोबर 1999 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. परत उभे राहिले आणि 2001 मध्ये दुसरा अर्ज. सिनेतारे उद्घाटनाला यायचे, रोज जेवायला थोडेच येणार! नव्या शाखांमुळं एकूण विक्री फुगलेली दिसते. त्यामुळं वर्षभर जुन्या झालेल्या शाखेची विक्री वेगळी काढायची. ती सलग दोन तिमाही उतरली तर पुढची शाखा थांबवायची. हा एकच आकडा पाळला असता तर निम्म्या साखळ्या वाचल्या असत्या.

दुसरं उदाहरण लाइमलाइटचं. पीटर गेशन यांनी जुन्या चर्चच्या इमारतीत क्लब थाटले. न्यूयॉर्कचा 1983 मध्ये, 1840 च्या दशकातल्या दगडी चर्चात, आणि नंतर लंडनचाही चर्चातच. तिथं थीमसाठी प्लायवूड आणावं लागलं नाही, इमारतच थीम. पण अशी इमारत प्रत्येक गावात मिळत नाही, त्यामुळं साखळी ताणता आली नाही. शेवट मात्र थीमनं झाला नाही. 1990 च्या दशकात अमली पदार्थांवरून पोलिसांच्या धाडी पडल्या. 1998 च्या खटल्यात गेशन निर्दोष सुटले, पण पुढं कर चुकवल्याचा गुन्हा कबूल करावा लागला आणि 2003 मध्ये त्यांना कॅनडाला परत पाठवलं. तेव्हा परवाना आणि कर हा मुद्दा इथंही खराच.

टिकलेली साखळी म्हणजे हार्ड रॉक कॅफे, 1971 पासून. तिच्या दोन संस्थापकांपैकी पीटर मॉर्टन हे वर आलेल्या अर्नोल्ड मॉर्टन यांचे चिरंजीव. दुसरे आयझॅक टिग्रेट, सत्यसाईबाबांचे भक्त. पुट्टपर्तीच्या मोठ्या इस्पितळाला त्यांनी भरघोस देणगी दिली. ते जाऊ दे. टिकायचं कारण म्हणजे टी-शर्ट. गिऱ्हाईक बहुतेक प्रवासी, शहराचं नाव छापलेला शर्ट घेऊन जाणार. रोज नवा माणूस आला तर थीम शिळी होत नाही. बेळगावात शनिवारी येणारी तीच चारशे-पाचशे माणसं असणार आणि तिसऱ्या महिन्यात त्यांना भिंतीवरचा प्रत्येक खिळा पाठ होणार.

हिशोब असा मांडा. समजा सजावटीला 60 लाख घातले. एकदा काढली की भंगारात जाणारी वस्तू, तिचं आयुष्य 30 महिने धरा, जास्त नको. महिन्याला 2 लाख. शुक्रवार-शनिवार धरले तर महिन्यात साधारण साडेआठ रात्री चालणार, म्हणजे रात्रीला साडेतेवीस हजार. 150 माणसं आली तर माणशी 157 रुपये नुसते भिंतीला. भाडं, पगार, दारूचा माल, वीज अजून बाजूलाच आहेत. म्हणून 60 मधले 40 लाख न बदलणाऱ्या गोष्टींत घाला, साऊंड, हवा, संडास, बार काउंटर. थीम प्रकाश, पडदे, छापील कापड आणि कार्यक्रम यांत ठेवा, म्हणजे वीस लाखांत दर दीड-दोन वर्षांनी कात टाकता येते.

खानापूर_रोड

दोघांचेही आभार. किल्लीची कल्पना इथं चालेल काय? वार्षिक सभासदत्व, तिन्ही गावांत चालणारं. आणि परवान्याचं कुणीतरी सविस्तर सांगा की.

अबकारी_वाचक

सभासदत्वाचं आधी. न येणाऱ्या सभासदाकडून पैसे मिळवायचे तर हौस बाहेरून तयार व्हावी लागते. प्लेबॉयकडं ती मासिक करायचं, तुमच्याकडं काय आहे? शिवाय गावात बेळगाव क्लब, युनियन जिमखाना अशी जुनी नावं आधीपासून आहेत. तिथल्या सभासदाला नुसता पेग मिळत नाही. बॅडमिंटन, पत्ते, मुलीच्या लग्नाला हॉल असं सगळं त्यात येतं. त्यांच्याशी फीवर स्पर्धा करू नका. फी घ्यायचीच तर ती पुढच्या बिलात वळती होईल अशी ठेवा, आणि न वापरलेली रक्कम देणं म्हणून खात्यात दाखवा. पहिल्याच महिन्यात ती नफ्यात धरली की वर्षअखेरीला गळफास.

आता परवाना. कर्नाटकात बार आणि रेस्टॉरंटचा परवाना सीएल-9, राहण्याची सोय असलेल्या हॉटेलाचा सीएल-7, सभासदांच्या क्लबाचा सीएल-4, आणि बाटली विकायच्या दुकानाचा सीएल-2. नावात क्लब असला म्हणून सीएल-4 मिळत नाही. तो सभासदांच्या संस्थेसाठी आहे, रस्त्यावरून आलेल्या माणसाला विक्री करण्यासाठी नाही. प्लेबॉयचा क्लब हा नावापुरता क्लब होता, आपल्याकडं त्या नावाखाली परवाना मागितला तर अर्ज तिथंच अडकेल. सीएल-2 आणि सीएल-9 चे नवे परवाने 1992 पासून देणं बंद झालं. त्यामुळं जुना परवाना हस्तांतरानं मिळवायचा, हाच रुळलेला रस्ता राहिलाय. पडून असलेले परवाने ई-लिलावानं द्यायची घोषणा 2025 च्या अर्थसंकल्पात झाली, त्याची सूचना बघत राहा. सीएल-7 ला ठरावीक संख्येच्या खोल्या बांधाव्या लागतात, म्हणजे नाइटक्लबसाठी लॉज काढायचा! चालू लॉजच्या मालकाशी भागीदारी त्यापेक्षा शहाणपणाची. कागद बघताना परवान्यावरचा पत्ता आणि मंजूर नकाशा तपासा. गच्ची नकाशात नसेल तर गच्चीवर एक बाटलीसुद्धा बेकायदेशीर.

हायवेची शेड म्हणालात म्हणून आणखी एक. सुप्रीम कोर्टाच्या डिसेंबर 2016 च्या निकालानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री बंद केली. 20,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावांजवळ हे अंतर पुढं 220 मीटर झालं आणि जुलै 2017 मध्ये नगरपालिका हद्दीतल्या परवान्यांना मोकळीक मिळाली. जागा महापालिका हद्दीत आहे, कॅन्टोन्मेंटात आहे की ग्रामपंचायतीत, हे सर्व्हे नंबरावरून बघा. दलालाच्या "शहरातच आहे हो" वर जाऊ नका.

दर सगळीकडं एकच ठेवायचे म्हणालात, ते विसरा. इथं माल कर्नाटक राज्य पेय निगमच्या डेपोतून उचलायचा. कोल्हापुरात महाराष्ट्राचं उत्पादन शुल्क वेगळं, परवाना वेगळा, तिथं एफएल-3. एकच बाटली दोन राज्यांत दोन भावांना पडते, मग एकच दर ठेवून एका बाजूला तोटा पक्का. वयाचाही घोळ आहे. कर्नाटकात 21, महाराष्ट्रात बिअरला 21 आणि कडक दारूला 25, गोव्यात 18. अठरा ते एकवीसची कॉलेजची पोरं चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणार, तुमच्या हिशोबात त्यांना धरू नका. दारावर ओळखपत्र बघायला पगारी माणूस ठेवा आणि तो बार मॅनेजरच्या हाताखाली नको, नाहीतर विक्रीसाठी दार सैल होतं. आणि गोव्यात स्वस्त मिळते म्हणून तिथली एक बाटलीसुद्धा बारमागं सापडली तर परवानाच धोक्यात.

बाकी किरकोळ. पाटीवर 60 टक्के जागा कन्नडला, हा 2024 पासूनचा कायदा आहे, तेव्हा लोगो काढतानाच कन्नड अक्षरं धरून काढा, नंतर चिकटवलेली पट्टी वाईट दिसते. गाणी वाजवायला ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल, गीत-संगीतासाठी आयपीआरएस या संस्थांचे परवाने लागतात. 31 डिसेंबरच्या आधी नोटिसा येतात, त्यामुळं ते सप्टेंबरातच मिटवा. विसर्जन मिरवणूक, राज्योत्सव, निवडणुका यांच्यासाठी विक्रीबंदीचे आदेश निघतात, वर्षाच्या गणितात त्या रात्री वजा करा.

वुफर

दोन्ही जागांवर आवाजाच्या बाजूनं बोलतो.

गच्ची सोडून द्या. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग. नाइटक्लबची गर्दी दहालाच तर सुरू होते. वर आपल्याकडचा पाऊस, जून ते सप्टेंबर गच्ची गेलीच म्हणायची. ताडपत्री आणि बांबूचा मांडव घालून "बंद जागा" होत नाही.

पत्र्याची शेडही जशीच्या तशी चालत नाही. आवाज अडवायला वजन लागतं. एकेरी पत्रा 20-25 डेसिबल अडवतो, बासचा त्याहून कमी. आत 100 डेसिबल वाजलं तर बाहेर 75 पडणार. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45, व्यापारी भागात 55. अंतरानं थोडं उतरतं, पण बास शेतातून लांब जातो आणि तक्रार नेहमी बासचीच असते. भिंतीचं वजन दुप्पट केलं की जेमतेम 5-6 डेसिबलचा फायदा. म्हणून नुसती जाड करत जाण्यापेक्षा दुहेरी करा. बाहेर 9 इंची वीट दोन्ही बाजूंनी प्लास्टर करून, आत 4 इंच मोकळी जागा, त्यात रॉकवूल (दगडी तंतूंची गादी), मग वेगळ्या चौकटीवर दोन थर जिप्सम बोर्ड. आतली चौकट बाहेरच्या भिंतीला कुठंही टेकू द्यायची नाही, टेकली की सगळा खर्च पाण्यात. वर पत्रा तसाच ठेवून खाली स्प्रिंग हँगरवर तसंच दुहेरी छत. दाराला दोन दारांची लॉबी, दोन दारांत किमान 2 मीटर अंतर, म्हणजे एक बंद झाल्यावरच दुसरं उघडतं. सबवुफर (बासचे स्पीकर) जमिनीवर थेट ठेवू नका, रबर पॅडवर ठेवा. एसीची डक्ट सरळ बाहेर काढलीत तर तीच भोंगा होते. आतून अस्तर लावलेली आणि दोन वळणं घेतलेली डक्ट लागते. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांनी आवाज अडत नाही, आतली खणखण थोडी कमी होते, बस्स. उलट ते पेटतात.

आणि इथंच थीम सगळ्यात जास्त धोक्याची असते. 1942 मध्ये बॉस्टनचा कोकोनट ग्रोव्ह जळाला, 492 माणसं गेली. थीम होती उष्ण कटिबंधातलं बेट, नकली माडाची झाडं आणि छताला कापड. मुख्य दार फिरतं होतं ते गर्दीनं अडकलं, दुसरी दारं कुलूपबंद किंवा आत उघडणारी. 2003 मध्ये ऱ्होड आयलंडमध्ये आवाजासाठी लावलेल्या पॉलियुरेथेन फोमला स्टेजवरच्या आतषबाजीनं आग लागली, 100 गेले. 2013 मध्ये ब्राझीलच्या सांता मारियात तेच कारण, 242. मुंबईत कमला मिल 2017, 14. हाकेच्या अंतरावर गोव्यात हडफड्याला डिसेंबर 2025 मध्ये 25. कारणांची यादी दरवेळी तीच, पेटणारी सजावट, बंद जागेत ठिणगी, कमी दारं.

म्हणून आत नकली झावळ्या, गवत, फोम, सॅटिनची झालर काहीच नको. थीमचा आकार जिप्सम, सिमेंट बोर्ड, लोखंड आणि काचेत काढा. कापड लागलंच तर अग्निरोधक प्रक्रिया केलेलं आणि त्याचा दाखला फाइलला लावलेला. नॅशनल बिल्डिंग कोडात डान्स फ्लोअरला माणशी 0.6 चौरस मीटर धरतात. 1,000 चौरस फुटांचा फ्लोअर म्हणजे 93 चौरस मीटर, म्हणजे 155 माणसं. बसायची जागा वेगळी मोजायची. दारावर मोजणी यंत्र घेऊन माणूस उभा करा, आकडा भरला की आत सोडणं बंद. बाहेर पडायची दारं किमान दोन, एकमेकांपासून लांब, बाहेरच्या बाजूला उघडणारी, ढकलपट्टीची, आणि धंदा चालू असताना कुलूप नाही. फुकट्यांना रोखायला मागचं दार साखळीनं बांधतात, ते नको. त्याजागी दार उघडलं की भोंगा वाजेल असा सेन्सर लावा, चार-पाच हजारांत होतो. स्वयंपाकघरातून जाणारी वाट बाहेर पडायची वाट म्हणून मोजू नका. केक कापताना लावतात ती ठिणग्यांची नळकांडी मेनूतून आणि गोदामातून दोन्हीकडून काढून टाका.

जमाखर्च

परवान्याच्या मुद्द्याला एक जोड. साखळी बुडाल्यावर बऱ्याच वर्षांनी प्लेबॉयच्याच नावानं गोव्यातही दार ठोठावलं गेलं होतं. कांदोळीच्या किनाऱ्यावर क्लब काढायचा अर्ज होता, तो 2013 मध्ये पर्रीकर सरकारनं तांत्रिक कारणावर फेटाळला. किनाऱ्यावरची शॅक व्यक्तीच्या नावावर मिळते, कंपनीच्या नाही. जगभर गाजलेलं नाव असून अर्जदार कोण या एका रकान्यावर काम अडलं. तुम्ही भागीदारी करणार की कंपनी, परवाना कुणाच्या नावावर असणार, आणि एक जण बाहेर पडला तर त्याचं काय, हे जागेची अनामत देण्याआधी कागदावर आणा.

खानापूर_रोड

गच्ची बाद केली. शेडचा सात-बारा इथं मिळत नाही, त्याऐवजी आरटीसी (कर्नाटकातला जमिनीचा उतारा) काढायला टाकलंय, हद्द कळली की इथंच लिहितो. वुफर, दुहेरी छताचं वजन शेडच्या जुन्या कैच्या (पत्रा पेलणारे त्रिकोणी सांगाडे) पेलतील काय?

वुफर

जुन्या कैच्या पत्र्याच्या वजनाला केलेल्या असतात. दोन थर जिप्सम, चौकट आणि रॉकवूल मिळून चौरस मीटरला 25-30 किलो होतं, वर दिवे आणि डक्ट. त्यांना ते टांगू नका. आत स्वतंत्र खांब आणि बीम उभे करून छत त्यांच्यावर घ्या. खांब आतल्या भिंतीत लपतात आणि पत्र्याशी संबंध तुटल्यानं आवाजालाही फायदा. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या, अग्निशमनच्या ना-हरकतीच्या फाइललाही ती उपयोगी पडेल.